चित्रातली माणसं कशी वाचायची: गॅलरीत पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पणजीच्या फोंताइन्हास भागात फुंदासांव ओरिएंत ह्या संस्थेत त्रिंदाद ह्या चित्रकार बाप-लेकीची चित्रं आहेत असं ऐकून मी एका शनिवारी माशेलहून बस पकडून गेले आणि वीस मिनिटांत बाहेर आले. प्रत्येक चित्रासमोर जायचं, खालची पट्टी वाचायची, चित्राकडे एक नजर टाकायची, पुढे. चित्रं चांगली आहेत हे कळत होतं पण कशामुळे ते काहीच कळत नव्हतं, आणि काही लोक एकेका चित्रासमोर दहा-दहा मिनिटं उभे राहून नेमकं काय बघतायत ते विचारायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पणजीला विद्यार्थ्यांचं एक प्रदर्शन होतं, तिथे मावशीला सोबत घेऊन गेले. मावशी सातवीपर्यंत शिकलेली, चित्रांच्या प्रदर्शनाला जन्मात पहिल्यांदा आलेली. बाल्कांवात, म्हणजे गोव्यातल्या घरापुढच्या बसायच्या ओसरीत, बसलेल्या एका बाईच्या चित्रासमोर ती थांबली आणि हलेचना. मी म्हटलं, नवऱ्याची वाट बघतेय वाटतं. मावशी म्हणाली, "अगो, ही वाट बघत नाहीये. हिची वाट बघून झालीये."

तिला ते कुठून कळलं ते शेवटी सांगते, कारण त्यातच सगळी रीत आहे. मी नंतर रसग्रहणाचा एक छोटा कोर्स केला, खूप रविवार म्युझियममध्ये आणि चर्चमध्ये घालवले, आता शेजारची मुलं आणि मैत्रिणी माझ्यासोबत येतात आणि सगळ्यांचा गोंधळ अगदी माझ्यासारखाच असतो, म्हणून हे लिहून काढतेय. हे फक्त माणसं असलेल्या चित्रांबद्दल आहे. वासुदेव गायतोंडेंसारख्यांची अमूर्त चित्रं बघायची रीत वेगळी, ती इथे नको.

काय काय लागतं

- छोटी वही आणि पेन्सिल. पेन नको, बऱ्याच ठिकाणी चित्रांजवळ शाईचं पेन चालत नाही.
- मोबाईल, पण फोटोची परवानगी आधी विचारा आणि फ्लॅश कधीच मारू नका.
- चष्मा असेल तर जवळचा आणि लांबचा दोन्ही. हे मी उगाच लिहीत नाहीये, हाताची बोटं आणि डोळ्यातला उजेड जवळूनच दिसतो.
- चर्चमध्ये जाणार असाल तर खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. आणि प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा.
- वेळ. एका दिवसात तीन चित्रं, चौथं नको.
- जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व खात्याच्या म्युझियमला शुक्रवारी सुट्टी असते, निघण्याआधी बघून घ्या.

१. पट्टी वाचू नका, आधी मोजदाद करा

चित्राचं नाव वाचलं की डोळे बघायचं थांबवतात. पट्टीवर "विरहिणी" लिहिलेलं असलं की आपल्याला बाई उदासच दिसणार, मग ती उदास असो नसो. म्हणून पहिली पाच मिनिटं पट्टीकडे पाठ. वहीत फक्त जे दिसतं ते लिहायचं: एक बाई, वय तीस-पस्तीस, बसलेली, उजवा हात मांडीवर, डावा दिसत नाही, मागे खिडकी, खिडकी बंद, जमिनीवर तांब्या. "दुःखी", "सुंदर", "गूढ" असले शब्द ह्या यादीत चालणार नाहीत. मुलांना मी सांगते की तुमची आजी फोनवर आहे आणि तिला हे चित्र दिसत नाहीये, तिला सांगा. मग यादी बरोबर येते.

यादी झाली की "काय नाहीये" ते पण लिहा. डावा हात का दिसत नाही? दाराबाहेर काय आहे ते चित्रकाराने का दाखवलं नाही? इथेच बऱ्याचदा पहिला धागा सापडतो.

२. चेहऱ्याच्या आधी अंग बघा

मूड चेहऱ्यावर असतो असं आपण धरून चालतो, पण चांगल्या चित्रकाराचा अर्धा मूड मान, खांदे आणि हात ह्यांच्यात असतो. नजर कुठे जातेय? आपल्याकडे, चित्रातल्या दुसऱ्या माणसाकडे, जमिनीकडे, की चौकटीच्या बाहेर? दोन माणसं असतील तर त्यांच्यात अंतर किती आणि त्या अंतरात काय ठेवलंय? हात मोकळे आहेत की काहीतरी घट्ट धरलंय?

अमृता शेर-गिलचं १९३५ सालचं "तीन मुली" हे चित्र इंटरनेटवर काढून समोर ठेवा, शिकायला त्याच्यासारखं दुसरं नाही. तिघी अगदी चिकटून बसल्यात, तरी एकमेकींकडे बघत नाहीत, नजरा खाली. मागे घर नाही, खिडकी नाही, सांगण्यासारखं काहीच नाही. कपड्यांचे रंग चांगले उजळ आहेत आणि तरीही चित्र जड वाटतं, आणि ते जडपण कुठून येतं हे शोधत गेलात की नजरांवर आणि त्या रिकाम्या मागच्या भागावर बोट ठेवावं लागतं. एकही मुलगी रडत नाहीये. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण नवीन माणूस अश्रू शोधतो आणि ते नसले की "मला काही वाटलं नाही" म्हणून पुढे जातो.

अजून एक युक्ती: कोणी बघत नसेल तेव्हा चित्रातल्या माणसासारखे बसून किंवा उभे राहून बघा. तशी मान वाकवा. श्वास कुठे अडकतो ते लगेच कळतं.

३. उजेड कुठून येतोय

उजेड वरून, खालून, बाजूने, की सगळीकडून सारखा? कडा कापल्यासारख्या आहेत की विरघळलेल्या? काय उजेडात ठेवलंय आणि काय अंधारात? एवढे तीन प्रश्न.

ह्यासाठी आपल्या शेजारच्या सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले सावळाराम हळदणकर बघा. हातात दिवा घेतलेल्या बाईचं त्यांचं चित्र तुम्ही कुठल्या ना कुठल्या घरात बघितलेलं असणारच, मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि कित्येक लोक ते रविवर्म्याचं समजतात. मॉडेल त्यांची स्वतःची मुलगी होती आणि चित्र जलरंगातलं आहे, म्हणजे चुकलं तर वरून रंग चढवून झाकायची सोय जवळजवळ नाही. त्या चित्रात उजेड फक्त दिव्याचा. एका हाताने ती ज्योत आडोशाला धरते आणि बोटांच्या कडा उजेडाने लालसर होतात. लहानपणी लाईट गेली की आपण निरांजनाभोवती हात धरून बोटं बघायचो, तेच. बाकी खोली दिसत नाही. आता मला सांगा, ती कुठे चाललीय हे चित्रात कुठेच नाहीये, तरी ती हळू चालतेय हे कळतं की नाही? वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून जपून. चित्राचा सगळा हळुवारपणा त्या एका हाताने आणला.

गोव्यातल्या जुन्या घरांची चित्रं बघताना एक लक्षात ठेवा, शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा उजेड दुधाळ असतो, सावल्यांना धार नसते. तसा उजेड दिसला की लगेच "उदास" म्हणू नका, दुपारी दोन वाजता त्या घरात तसाच उजेड पडतो.

४. रंगाचा ठरलेला अर्थ घेऊन जाऊ नका

इंटरनेटवर तक्ते मिळतात: लाल म्हणजे प्रेम, निळा म्हणजे दुःख, पांढरा म्हणजे शांती. ते तक्ते घरी ठेवा. पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वारात जॉर्ज कोलासोने १९३५ साली केलेली टाइल्सवरची चित्रं आहेत, कामोंइशच्या "ओस लुझियादस" ह्या पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग, सगळं निळं आणि पांढरं. माझ्यासोबत आलेल्या एका मुलीने वहीत लिहिलं, "चित्रं दुःखी आहेत कारण निळी आहेत." निळा तिथे भावना म्हणून आलेलाच नाही, पोर्तुगीज आझुलेजु टाइल्सची परंपराच तशी निळ्या-पांढऱ्याची आहे. तिथे मूड शोधायचा तर कोण उभं आहे, कोण वाकलंय, मधली जागा कोणाला दिलीय आणि कडेला कोण ढकललं गेलंय ते बघा. ती चित्रं सत्तेबद्दल बोलतात आणि ते रंगातून कळत नाही, मांडणीतून कळतं.

आणि आपल्या गोव्यात तर पांढरा एकच नाही. एकाच वाड्यावर पांढऱ्या साडीतली म्हातारी विधवा आणि चार घरं सोडून पांढऱ्या झग्यातली नवरी. काळ्याचंही तेच, ख्रिस्ती घरात काळा दुखवट्याचा, आणि आपल्याकडे संक्रांतीला नव्या सुनेला काळी साडी हौसेने नेसवतात. म्हणून रंग वाचण्याआधी घर कोणाचं ते ओळखा. अंगणात तुळस आहे की खुरीस (क्रूस), भिंतीवर काय टांगलंय, बाईचं कापड खांद्यावर गाठ मारलेलं कुणबी पद्धतीचं आहे का. हे कळलं की रंगाचा अर्थ आपोआप जागेवर येतो.

५. वस्तू: कोणती चिन्ह आणि कोणती नुसती वस्तू

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून थोडं लांबण लावते.

आधी हे मान्य करा की चिन्हं वाचणं तुम्हाला येतं. रविवर्म्याची कमळात उभी लक्ष्मी आणि वीणा घेतलेली सरस्वती कॅलेंडरवर बघत आपण मोठे झालो, कोणी शिकवलं नाही तरी कमळ, हत्ती, वीणा, हंस बघून देवी ओळखतो. चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतात त्या माटोळीत काय टांगायचं आणि का, हे पण घरातल्या बायकांना तोंडपाठ असतं. चर्चमधले संत अगदी असेच ओळखायचे. अंगात बाण म्हणजे सेबॅस्तियन, चाक म्हणजे कातरीन, लोखंडी जाळी म्हणजे लॉरेन्स, किल्ल्या म्हणजे पीटर, हातात बाळ येशू आणि लिली म्हणजे अँथनी. जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल कातरीनला वाहिलेलं आहे, कारण पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने गोवा घेतला तो १५१० सालचा २५ नोव्हेंबर तिच्या सणाचा दिवस होता. तिथल्या मुख्य वेदीवर तिच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, चाक शोधत सुरुवात करा. आम्हा हिंदू घरातल्या लोकांना ही यादी पाठ नसते म्हणून आपण तिथे बुजतो, पण दोन भेटींत येते.

आता खरी अडचण. साप घ्या. निष्कलंक गर्भसंभवाच्या सायबिणीच्या, म्हणजे येशूची आई मरियेच्या, पायाखाली साप असतो, तो पाप, तिने तो चिरडलाय. जुन्या गोव्याहून तासाभरावर कवळ्याच्या देवळात या, शांतादुर्गेच्या दोन्ही हातांत साप आहेत आणि ते हरि आणि हर मानतात, भांडणारे दोघे तिने शांत केले. चंद्रकोर सायबिणीच्या पायाशी असते आणि शंकराच्या माथ्यावर. तर चित्रात साप दिसला की "साप म्हणजे काय" असं विचारायचं नाही, "ह्या चित्रात सापाचं काय चाललंय" असं विचारायचं. कोणाच्या हातात, कोणाच्या पायाखाली, कोणाला भीती वाटतेय, कोणाला वाटत नाहीये.

एखादी वस्तू चिन्ह आहे की सहज आलीय हे ठरवायला मी तीन गोष्टी बघते. ती वस्तू उजेडात किंवा मध्यभागी मुद्दाम ठेवलीय का? ती तिथे असणं थोडं विचित्र आहे का, म्हणजे दिवसा पेटलेला दिवा, रिकामा पाळणा? आणि चित्रातलं दुसरं काहीतरी तिच्याशी बोलतंय का? तीनपैकी एकही नसेल तर तांब्या हा तांब्याच. घरात तांब्या असतोच.

*जास्त वाचण्याचा सापळा.* यान व्हान आइकचं १४३४ सालचं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ते बघून बहुतेक सगळे म्हणतात बायको गरोदर आहे, आणि त्यावर मोठमोठे अर्थ रचतात. ती गरोदर नाही, त्या काळच्या फॅशनचा भरपूर कापडाचा झगा तिने पुढे उचलून धरलाय. त्या काळचा पोशाख माहीत नसला की सगळी इमारत चुकीच्या पायावर उभी राहते. आपल्याकडे कोणी परदेशी माणूस नऊवारीचा काष्टा बघून काय काय अर्थ काढेल ह्याचा विचार करा.

*दुसरा सापळा, जुन्या चित्रांचा.* जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या चित्रांची रांगच्या रांग आहे, ही चित्रं काढून घ्यायची परंपरा १५४७ साली तेव्हाचा गव्हर्नर जुआंव द काश्त्रूने सुरू केली. ह्या चित्रांवर नंतर अनेकदा पुन्हा रंग चढवले गेलेत. त्यामुळे त्यातल्या एखाद्या चेहऱ्यावरचा कठोरपणा बघून "हा माणूस क्रूर होता" असं लिहू नका, तो कठोरपणा कुठल्या हाताचा ते चित्र बघून सांगता येणार नाही. तिथे चिलखत, काठी, कुलचिन्ह बघा, अधिकार कसा दाखवायचा हे त्यातून समजतं.

६. आता पट्टी वाचा, मग चित्रकाराबद्दल वाचा

ह्याच क्रमाने. यादी झाली, अंग, उजेड, रंग, वस्तू झाल्या की नाव वाचा आणि बघा काय बदललं. मग घरी येऊन चित्रकार.

आंजेलो द फोन्सेका हे मला सगळ्यात जवळचं उदाहरण. १९०२ साली सांतिस्तेव बेटावर जन्म, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोसांकडे शिकले, आणि येशूची आई साडीत रंगवली, भारतीय बाईच्या चेहऱ्याची, गव्हाळ रंगाची. पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चकडे त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. नाव न वाचता बघितलं तर आपल्याला वाटेल एक शांत आई, मांडीवर मूल, बस. तो शांतपणा खरा आहे, तो वहीत राहू द्या. पण नंतर कळतं की त्या काळी गोव्यात ह्याच साडीवरून त्यांना विरोध झाला, आणि ते पुण्याला जाऊन तिथल्या ख्रिस्ती आश्रमात राहिले, काम करत राहिले. मग ती साडी नुसती साडी राहत नाही. शांत चित्रात केवढं धाडस आहे ते कळतं, आणि ते धाडस आरडाओरडा न करता केलेलं आहे, म्हणून मला ती चित्रं बघताना अजूनही भरून येतं.

साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझा ह्याच्या अगदी उलट्या टोकाला. त्याचं १९५९ सालचं क्रूसावरच्या येशूचं चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे, जाड काळ्या रेघा, काटेरी अंग, गोडवा कुठेच नाही. दोघेही गोव्याचे, दोघेही चर्चच्या सावलीत वाढलेले, विषय एकाच धर्मातला. ही दोन चित्रं मोबाईलवर शेजारी-शेजारी ठेवून बघा आणि पायरी दोन-तीन परत करा, विषय आणि मूड ह्या वेगळ्या गोष्टी आहेत हे कोणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.

फक्त आयुष्याची गोष्ट चित्राच्या जागी बसवू नका. चित्रकार गरीब होता, आजारी होता म्हणून हे चित्र दुःखी, असं लिहिलेलं मी खूप वाचते. चित्रात ते कुठे आहे ते दाखवा, नाहीतर ते वाक्य काढा.

७. चार वाक्यं लिहा आणि प्रत्येकात "कारण" घाला

"मला हे चित्र एकाकी वाटतं, कारण..." आणि "कारण" नंतर जे येईल त्यावर चित्रात बोट ठेवता आलं पाहिजे (खरंच ठेवू नका, लांबूनच). बोट ठेवता येत नसेल तर ते तुमच्या मनातलं आहे, ते चूक नाही, पण ते वेगळ्या पानावर लिहा. सोबत आलेल्या माणसाला त्याची चार वाक्यं वेगळी लिहायला सांगा आणि मग वाचा. दोघांचं जुळलं नाही तर परत चित्रासमोर जायचं, गुगलसमोर नाही.

आता मावशीचं चित्र

तर बाल्कांवातली ती बाई. संध्याकाळ आहे, उजेड डावीकडून तिरका, लाल सिमेंटच्या जमिनीवर लांब पडलेला. बाई सोप्यावर, म्हणजे दगडी बाकावर, बसलीय, पाठ खांबाला टेकलेली, हात मांडीवर एकावर एक, तळवे वर. केसांत आबोलीचा वळेसर (गजरा). समोर एक लाकडी खुर्ची. पायऱ्यांखाली रस्ता आहे आणि ती रस्त्याकडेच बघतेय. मी एवढंच बघितलं होतं: बाई, संध्याकाळ, रस्ता, खुर्ची, म्हणजे वाट बघणं. हजार गाण्यांत ऐकलंय, तेच लावून मोकळी झाले.

मावशीला विचारलं तुला कशावरून वाटलं. ती म्हणाली, "खुर्चीवर बघ." खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या होत्या, नीट, एकावर एक. "येणाऱ्या माणसाच्या खुर्चीवर कोण घड्या ठेवतं?" मग तिने पाठ दाखवली, वाट बघणारी बाई खांबाला अशी सैल टेकत नाही, कान रस्त्याकडे असतो, मान पुढे असते. आणि उघडे तळवे. हातात काही धरलेलं नाही, पदर नाही, काही नाही. पाच मिनिटं ती ते चित्र नुसती बघत होती तेव्हा हे सगळं बघत होती, पट्टीकडे तिने ढुंकूनही बघितलं नव्हतं.

पट्टीवर नाव होतं "संध्याकाळ". बाकी काही नाही.

मी आबोलीवरून तिच्याशी वाद घातला. म्हटलं मग फुलं ताजी का आहेत, कोणी येणारच नसेल तर नटली कशाला? मावशी परत चित्राजवळ गेली, चष्मा वर करून बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "तिला आवडतात म्हणून माळली असतील गो."

ते मी वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवलं, कारण त्याच्यावर बोट ठेवता येत नाही. पण त्या दिवसापासून मला ते चित्र तसंच आठवतं.